डोंगरावरच्या जळालेल्या वेली

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — मला ठाऊक नाही.

बाजारहत्नूरच्या पुढे, डोंगराच्या उतारावर माझ्या दिराची द्राक्षबाग आहे आणि माथ्यावर दगडी वायनरी. सकाळी धुकं विरलं की वेलींच्या रांगा आभाळातून खाली उतरल्यासारख्या दिसतात. तिथे गेलं की आजही माझा आवाज आपोआप हळू होतो. पण मी तिथे उभी राहते — ती कोणत्या तोंडानं?

आधी तिथे नुसता मुरूम होता. सगळं गाव कापूस लावत होतं आणि भाऊजींनी द्राक्षं लावली. माझे यजमान आदिलाबादला नोकरीत, आम्ही तिथेच राहायचो. बाग बघून तेही म्हणू लागले, "राजीनामा देऊन टाकतो. डोंगरावरच राहू." मला शहर सोडायचं नव्हतं. एवढंच. खरंच, एवढंच होतं.

सुट्टीत आम्ही गावी आलो होतो. एका दुपारी दोघं भाऊ पाइप आणायला आदिलाबादला गेले. कापसाच्या शेतासाठी आणलेलं तणनाशक गावच्या घरात होतं. मी ते पंपात भरलं — आणि एकेका रांगेवर फवारत गेले.

काही दिवसांत पानं पिवळी पडली, मग वाळली. भाऊजी मातीत बसले.

"वयनी, काऊन असं झालं असंन?"

"ही मातीच नाही द्राक्षाची," मी म्हणाले.

यजमानांनी नोकरी सोडली नाही. मी आदिलाबादहून रोज बसने भाऊजींना डबा पाठवू लागले. भाऊजींची सोयरीक ठरली होती. मुलीकडच्यांनी वाळलेली बाग पाहिली आणि लग्न मोडलं. ते आजही एकटे आहेत.

पण पावसाळा सरला — आणि वरच्या काही रांगांत, जळालेल्या खोडांच्या बुडातून कोंब आले. बोटभर, लालसर. मी बघायला गेले आणि अंगावर काटा आला. ज्यांना मी मारलं होतं त्या वेली माझ्यासमोर उभ्या होत्या. कुठून आणलं त्यांनी इतकं बळ? मला हात लावायचा धीर झाला नाही. पुढे त्याच वेलींच्या काड्या लावून भाऊजींनी सगळा उतार भरला.

आता हैदराबादहून लोक वाईन चाखायला येतात. भाऊजी त्यांना बागेचा इतिहास सांगतात, "पहले साल पहाड़ ने सब जला दिया था. सब हँसते थे. एक भाभी थी, जो मेरे लिए रोज डब्बा भेजती थी."

लोक माझ्याकडे वळून टाळ्या वाजवतात. मी हात जोडते.