यजमानाचा पाट रिकामा राहिला

सुहृदहो, आज सकाळी वज्रेश्वरीजवळच्या एका पाड्यावर तेलवाहिनीच्या भूमिपूजनाचे पौरोहित्य करायला गेलो होतो. मनाचा संताप अजून शमलेला नाही.

आचारसंहिता लागण्यापूर्वी नारळ फोडण्याची घाई होती. यजमान म्हणून पाटावर कोणी बसावे, यावरून आमदार आणि जिल्हा परिषद सदस्य यांच्यात मानापमान चालू होता.

तेवढ्यात पाड्यावरची सुमन पुढे आली. येत्या निवडणुकीत ती या सदस्यांविरुद्ध उभी राहणार आहे. वाहिनी पाड्याच्या एकमेव विहिरीला खेटून जायची आहे.

"गुरुजी, संकल्पात यांच्याकडून एवढं वदवून घ्या. 'पाइप फुटून इहिरीत तेल उतरलं, तर पाड्याला पानी मी देईन.' मंग नारल मीच आनते."

आमदार हसले. "ताई, पूजेत राजकारण नको."

"राजकारण न्हाय सायेब, पानी हाय."

मागणी धर्माला धरून होती. हातावर उदक घेऊन दिलेला शब्द मोडता येत नाही. मी ताम्हन पुढे सरकवले.

"तुम्ही स्थानिक, तुम्हीच बसा," आमदार सदस्यांना म्हणाले. सदस्यांचे गुडघे त्याच क्षणी दुखू लागले! पूजा उद्यावर ढकलून दोघेही निघून गेले.

आत्ताच आमदारांचा दूरध्वनी आला होता. "गुरुजी, उद्या संकल्प जरा मनातल्या मनात सांगा."

मी येतो म्हणालो. संकल्प मात्र ध्वनिक्षेपकावरूनच सांगणार आहे.

पाण्याचा शब्द ज्यांना देववत नाही, त्यांनी तेलाला वाट कोणत्या अधिकाराने दिली? आणि उद्या पाटावर कोण बसेल, असे आपल्याला वाटते?