उजवा गाल

नाना रेघ ओढताना श्वास घेत नसत. कागदावर ब्रशचं टोक टेकलं की त्यांची छाती थांबायची, ती रेघ संपेपर्यंत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरले. सुरतेतल्या नवागामच्या सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि मधली भिंत सामाईक असल्यामुळे ओळख करून घ्यायला गेले होते. शेजारचा माणूस दारापुढच्या ओट्यावर मान खाली घालून बसलेला, हलत नाही, बोलत नाही. मी हाक मारली तशा आतून त्यांच्या पत्नी, जिजी, बाहेर आल्या. "त्यासले काई नई व्हयनं, बेन. रेघ चालू शे." काही झालेलं नाही त्यांना, रेघ चालू आहे. तेवढ्यात रेघ संपली आणि नानांनी वर बघून "या, बसा" म्हटलं.

नाना ट्रेसर होते. साडीची छपाई करायची तर एकेका रंगाची वेगळी जाळी लागते आणि ती बनवायला एकेका रंगाचं चित्र वेगळं उतरवून काढावं लागतं. बमरोलीच्या एका युनिटमध्ये तीस वर्षं नानांनी तेवढंच केलं. कुणीतरी काढलेल्या फुलांवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि लाल तेवढं उतरवायचं, मग हिरवं तेवढं. निम्म्या देशातल्या बायकांच्या पदरावर नानांचा हात फिरला असेल, पण त्यातलं एकही फूल त्यांचं नव्हतं. "बेन, मी काढत नाही, मी उतरवतो," असं ते स्वतःच सांगायचे, आणि त्यात कुरकुर नसायची. मी मराठी शाळेतली चित्रकलेची बाई. सुरतेत कुठल्याही बाईला बेन म्हणतात, शाळेतल्या बाईला तर हमखास, म्हणून मी बेन. चित्रकलेची असले तरी शाळेत माझा बराचसा वेळ हजेरीपत्रकात आणि मतदारयादीत जायचा. हाताचं म्हणाल तर नाना माझ्यापेक्षा दसपट सरस होते, हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

त्यांच्या धंद्यातली एक युक्ती त्यांनी मला मोठ्या कौतुकाने दाखवली होती. कमळ असो, पिसारा फुलवलेला मोर असो, मऊ पेन्सिलने अर्धाच काढायचा. मग कागदाची मधोमध घडी घालायची, अंगठ्याच्या नखाने मागून घासायचं आणि उघडायचं. दुसरा अर्धा आपसूक तयार. "अर्धं काम हाताचं, अर्धं घडीचं," नाना म्हणायचे. मालकाला वेळ वाचवून हवा असतो, आणि दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आल्या की गिऱ्हाईकही खूश. मी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मला काय ठाऊक, या घडीने पुढे काय घात करायचा आहे ते.

मग कॉम्प्युटर आले आणि ट्रेसर घरी बसले. नाना सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला लागले. छप्पन्नाव्या वर्षी एका रविवारी त्यांनी जुन्या बाजारातून चित्रकला शिकवणारं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. इंग्रजीशी त्यांचा संबंध नव्हता. "चित्रांना कुठे भाषा असते?" म्हणाले. मोबाईलवर हिंदीतून कुणी कुणी शिकवतं, तेही बघायचे. रोज सकाळी सहा ते सात, ड्यूटीला निघण्याआधी, ओट्यावर बसून समोरची एक वस्तू काढायची. अडकित्ता, चप्पल, मिरची. घरात कुणाचं लग्न असो की अंगात ताप असो, एक कागद झालाच पाहिजे. खाली कोपऱ्यात तारीख आणि एक शब्द लिहायचा, 'ठीक' किंवा 'नाही'. पहिल्या वर्षाच्या गठ्ठ्यात मी 'ठीक' शोधत बसले होते. चार सापडले.

त्या गठ्ठ्यातला तांब्या मला आठवतो. जिजींच्या माहेरचा, एका बाजूला चांगला मोठा पोचा आलेला तांब्या. नानांनी तो असा काढला की दुकानात मांडावा. मी म्हटलं, "नाना, पोचा कुठे गेला?" ते चित्राकडे बघत राहिले, मग तांब्याकडे. खरोखरच त्यांना तो दिसला नव्हता. अर्धा तांब्या काढून त्यांनी घडी घातली होती. "डिझाइनमध्ये पोचा काढत नाहीत, बेन," ते ओशाळून म्हणाले. आणि मग म्हणाले, "हात चालतो माझा. डोळा चालत नाही." पुढचे पाच महिने त्यांनी तोच तांब्या काढला. जिजी वैतागल्या, पाणी प्यायला तांब्या मिळेना. पाचव्या महिन्यात पोचा कागदावर आला, अगदी जिथल्या तिथे. त्या दिवशी जिजींनी शिरा केला आणि सगळ्या गल्लीला वाटला.

आता जिजींबद्दल सांगायला हवं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या तोंडाशी स्टोव्हचा भडका उडाला होता. उजवा गाल कानापासून हनुवटीपर्यंत भाजला. पदर डोक्यावरून उजवीकडे ओढून दातात धरायची त्यांना सवयच लागली होती. घरात बसायच्या त्याही अशा की उजवी बाजू भिंतीकडे राहील. साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम घेऊन दाराशी बसल्या की नाना त्यांच्या डाव्या हाताला. मोबाईलमध्ये फोटो पुष्कळ, पण प्रत्येकात पदर. आणि चौतीस वर्षांत नानांनी तो गाल एकदाही नीट पाहिला नव्हता. हे त्यांनीच मला सांगितलं. "पहिल्या पाळीला उशीर होत होता, बेन. मीच घाई केली. पंप मार, पंप मार म्हणून मीच ओरडत होतो. आता तिकडे कोणत्या तोंडाने बघू?"

तांब्याच्या यशानंतर ते एक दिवस म्हणाले, "आता जमेल. चित्र काढायचं म्हणजे बघावंच लागतं, त्यातून सुटका नाही. तिला एकदा काढतो." एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप होता हे मला तेव्हा कळलं. तो अडकित्ता, ती मिरची, ते पाच महिने. गालाकडे बघता येईना, म्हणून हा माणूस तांब्याच्या पोच्याकडे बघायला शिकत होता. मी म्हटलं, "मग वाट कसली बघताय? काढा." जिजी ऐकेनात. "माले नई काढनं चित्र-फित्र." मी आठ दिवस त्यांच्या मागे लागले. शिकवणाऱ्या माणसाला दुसऱ्याला पुढे ढकलायची खोड असते, ती मला जरा जास्तच आहे.

शेवटी एका सकाळी जिजी स्वतःहून ओट्यावर येऊन नानांच्या समोर बसल्या. "बठसू मी आज. काढा." बसते मी आज. आणि त्यांनी पदर खाली घेतला, पार खांद्यावर. सकाळचं ऊन सरळ त्यांच्या तोंडावर पडलं होतं. मी चहाचा कप घेऊन बाजूच्या पायरीवर होते. कपात साय आली होती, ती मी बोटाने बाजूला करत बसले.

नानांनी डाव्या बाजूपासून सुरुवात केली. कपाळ, भुवई, डोळा, नाकपुडी, ओठाचा कोपरा. माझ्या आयुष्यात मी इतकी खरी रेघ पाहिलेली नाही. जिजी जशा डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून हसायच्या, तेसुद्धा आलं होतं. मग ते नाकाच्या मध्यावर आले आणि थांबले. श्वास धरलेलाच. मान वर व्हायला हवी होती, ती झाली नाही. त्यांनी कागद उचलला, मधोमध घडी घातली आणि नखाने मागून घासायला लागले. मी "नाना!" म्हणून ओरडले, पण तोवर त्यांनी कागद उघडला होता. आत एक देखणी, निर्मळ बाई होती. दोन्ही गाल सारखे.

जिजींनी कागद हातात घेतला. बराच वेळ पाहिला. "कोन शे हाई?" कोण आहे ही? नाना अंगठ्याच्या नखाला लागलेलं काळं धोतराला पुसत होते. जिजींनी पदर पुन्हा डोक्यावरून उजवीकडे ओढला. "आते बी देखं नई तुम्हीन," त्या अगदी हळू म्हणाल्या. आतासुद्धा बघितलं नाहीत तुम्ही. आणि आत जाऊन भाकरी थापायला लागल्या. त्या कागदावर नानांनी तारीख घातली, पण 'ठीक' किंवा 'नाही' लिहिलं नाही.

जिजी पुन्हा बसल्या नाहीत. नानांनी विनवण्या केल्या, मीही केल्या. रागावल्या होत्या असं नाही, बोलायच्या, हसायच्या, मला चटणी पाठवायच्या. पण पदर दातातून सुटला नाही. पुढच्या पावसाळ्यात साधा वाटणारा ताप आला आणि पाचव्या दिवशी त्या गेल्या. हॉस्पिटलातून आणलं तेव्हा बायकांनी रीतीप्रमाणे तोंड उघडं ठेवलं होतं. नाना पायांशी बसले होते. तिथून उठून डोक्याकडे यायचं त्यांना सुचलं नाही, की धीर झाला नाही, कोण जाणे.

दहाव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा, म्हणून उधन्याला दिलेली त्यांची मुलगी आधार कार्ड घेऊन स्टुडिओत गेली. पदर नसलेला फोटो तेवढा त्या कार्डावरच होता, पण सगळ्यांचाच असतो तसा, बोटाएवढा आणि काळपट. स्टुडिओवाल्याने तो मोठा केला, डावा गाल उचलून कॉम्प्युटरवर उजवीकडे बसवला, वर रंग चढवला. फोटो आला तशी सगळी गल्ली म्हणाली, जिजी किती सुंदर दिसतात. मुलगी रडत म्हणाली, "पप्पा, मम्मीचा गाल चांगला करून दिला त्यांनी." नाना फोटोसमोर उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेन, यानेही घडीच घातली."

त्यानंतर नानांनी वर्षभर रोज सकाळी एकच चित्र काढलं. डावी बाजू पंधरा मिनिटांत, डोळे मिटूनही काढली असती. मग उरलेला पाऊण तास कोऱ्या अर्ध्यासमोर बसायचे. काही काढायचे, खोडायचे. आधार कार्डावर भिंग धरून बघायचे, तिथे नुसता काळा ठिपका. प्रत्येक कागदाखाली 'नाही'. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, कशाला पप्पा ते आठवायचं, भिंतीवर आहे तोच फोटो चांगला आहे. अभ्यासाने सगळं येतं असं मी वर्गात मुलांना सांगते. नानांचा तो गठ्ठा पाहिल्यापासून हे वाक्य माझ्या तोंडून नीट निघत नाही.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते कागद घेऊन माझ्याकडे आले. डावी बाजू काढून आणली होती. माझ्या हातात पेन्सिल देऊन म्हणाले, "बेन, माझ्याच्याने होत नाही. बाकीचं तुम्ही काढा. तुम्ही तर अकरा वर्षं रोज बघितलंय तिला. त्या दिवशी पदर काढून बसली, तेव्हाही तुम्ही होता तिथे."

मी पेन्सिल कागदावर टेकवली. ओटा आठवला, ऊन आठवलं, जिजींच्या खांद्यावर पडलेला पदर आठवला. त्याच्या वर मात्र काही नव्हतं. अकरा वर्षं मी त्यांच्याशी बोलले ती डाव्या डोळ्याकडे बघून. त्यांना वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले होते. त्या गेल्या त्या दिवशीही मी पायांशी बसलेल्या नानांकडेच बघत होते. आणि ज्या सकाळी त्या बाईने आपण होऊन तोंड उघडं केलं, त्या सकाळी मी कपातली साय काढत बसले होते.

"नाना," मी म्हटलं, "मलाही माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली, कोपऱ्यात तारीख घातली आणि खाली 'नाही' लिहिलं. मग कागद तसाच अर्धा माझ्यापाशी ठेवून ते गेटवर नंबर लिहायला निघून गेले.