मुंबईच्या कार्डाला दिलेलं उत्तर

थोरल्या जाऊबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी जानेफळला, माहेरी होते. धाडहून, माझ्या सासरहून, एसटीने आलेल्या माणसाने दारातूनच सांगितलं. आई रडली. मला मात्र रडू आलं नाही, लाज वाटली... ती कशाची, हे आज दीड महिन्याने लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी गिरजाबाईंना, माझ्या जाऊबाईंना, गर्भाशयाचा कॅन्सर झाला. भाऊजींनी त्यांना मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे रेडियमच्या किरणांचा इलाज झाला आणि पांढरीफटक पडलेली बाई पुन्हा जात्यावर बसली. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "दर सहा महिन्यांनी कार्ड येईल. खरं तेच लिहा. कोणाला किती औषध पुरलं, कोणाचं दुखणं उलटलं, हे तुमच्याच उत्तरांवरून कळतं. पुढच्या बायांचा इलाज त्यावर ठरतो. आणि उलटलं तर तुम्हालाही लगेच बोलावता येतं."

उत्तरं मी लिहायची, कारण मी चौथी शिकलेली. जाऊबाई शेजारी बसून हसायच्या, "चौथी शिकली म्हंते, अन् चार अक्षराले सकाळ घालवते!"

तिसरं कार्ड आलं त्या दिवशी चुलीपाशी त्या हळूच म्हणाल्या, "पंधरा दिस झाले, रक्त जाऊन राह्यलं. लिही बरं. बोलावतीन मले."

पण घरातून जाणारा प्रत्येक कागद आधी ओट्यावर मामंजींना वाचून दाखवायची रीत. सासऱ्यांपुढे तो शब्द कसा उच्चारायचा? कार्डावरच्या "रक्तस्राव होतो का?" या प्रश्नापुढे मी "नाही" लिहिलं, कारण उघडं कार्ड वाटेत कोणीही वाचलं असतं; आणि मामंजींपुढे वाचताना तर तो प्रश्नच गाळला. मामंजी म्हणाले, "बेस झालं."

जाऊबाईंनी विचारलं, "लिहिलं?"

"हो."

पोस्टमन दिसला की त्या विचारायच्या, "आला का वं मुंबईचा कागद?" मग स्वतःच म्हणायच्या, "त्याहिले का मी एकलीच हाय? बोलावतीन." दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांनी वाट पाहिली. उद्या सांगेन, उद्या सांगेन म्हणत मी गप्प राहिले. त्यांनी अंथरूण धरलं, तेव्हा गाडीत बसण्याइतकंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

वेळेवर कळलं असतं तर त्या वाचल्या असत्या का, मला ठाऊक नाही. पण दवाखान्याच्या कागदांत त्या बऱ्या झालेल्या म्हणून लिहिल्या गेल्या. माझ्या त्या "नाही"वर आणखी कोणाचा इलाज ठरला असेल?

मागच्या आठवड्यात पुन्हा कार्ड आलं. मी लिहिलं : बाई वारल्या. रक्त दिवाळीच्या आधीपासून जात होतं. मागचं उत्तर खोटं होतं, ते माझं, त्यांचं नाही. मग ओट्यावर जाऊन सगळं मोठ्याने वाचलं. मामंजींनी खाली पाहतच विचारलं,

"तवाच काऊन नाही वाचलं सूनबाई? म्या का कान झाकून घेतले असते?"

मी उठले आणि कार्ड टपालपेटीत टाकून आले.

गोठ्यामागे, पुरुष फिरकत नाहीत त्या बाजूला, जाऊबाईंनी फडकी वाळवायला बांधलेली सुतळी अजून आहे. तिच्यावर एक फडकं राहून गेलं आहे, उन्हाने पार विरलेलं. ते काढायला मी दोनदा गेले. दोन्ही वेळा तसंच ठेवून आले...