चारशे बारा नंबरचं तिकीट

दादरला उतरले तेव्हा उजाडलं होतं आणि गडहिंग्लजहून मांडीवर सांभाळत आणलेला गुळाचा डबा गाडीतच राहिला होता. चार पावलं मागं पळाले, पण गाडी कधीच वळून गेली होती. मावसबहीण मालू गिरगावात वाट बघत होती, आणि रिकाम्या हातानं गेले तर ती मला जन्मभर ऐकवणार हे ठरलेलं. शेवटी फुलांच्या बाजारातून शेवंतीचा मोठा पुडा घेतला. मालूनं दार उघडलं, पुडा हुंगला आणि म्हणाली, "फुलं खातात का गं तुमच्याकडं?"

तुम्ही विचाराल, एकतीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत रेकॉर्ड सांभाळून बाईचा जीव विटला नाही का, की पुन्हा मुंबईला कागदच बघायला गेली? नाही विटला. सायली परब नावाची माझी एक विद्यार्थिनी आहे. कोल्हापुरात जुन्या दप्तरांच्या प्रशिक्षणाला मी शिकवायला जात असे, तिथली. ती आता लालबागला एका दप्तरखान्याची प्रमुख आहे. निवृत्त गिरणी कामगारांनी चालवलेली संस्था. एका बंद पडलेल्या मिलचे हजेरीपट रद्दीत जाता जाता त्यांनी वाचवले. सायलीचा फोन आला होता. "बाई, आम्ही एआय बसवलंय. ते मस्टर धडाधड वाचतंय. पण जिथं ते अडतं ना, तिथं आमची पण गाडी अडते. आठ दिवस या."

यंत्र अडतं म्हटल्यावर मी निघालेच. खोटं कशाला सांगू, मला जरा बरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी गिरगावातून बस धरून लालबागला उतरले. मसाल्याच्या गल्लीत शिरले आणि डंकावर मिरची कांडत होते तिथं शिंकून शिंकून बेजार झाले. डोळे पुसत एका पोत्याजवळ थांबले तर पाटीवर 'संकेश्वरी'. आपल्या रानातली मिरची! दुकानदाराला म्हटलं, "ही आमच्याकडची." त्यानं माझ्याकडं न बघता उत्तर दिलं, "मावशी, इथे सगळं सगळ्यांकडचंच आहे. किती देऊ?" पाव किलो घेतली. आपल्याकडं निम्म्या भावात मिळते, पण अभिमानाला भाव विचारायचा नसतो.

दप्तरखाना एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, खाली लग्नाचा हॉल. वर लोखंडी रॅक, त्यावर लाल कापडात बांधलेले गठ्ठे, आणि खिडकीशी दोन कॅमेरे. कॅमेरा पानाचा फोटो घेतो, मग यंत्र त्यातली अक्षरं वाचून कामगाराचं नाव, गाव, खातं आणि तिकीट असं एकेक कार्ड तयार करतं. तिकीट म्हणजे प्रवासाचं नव्हे; मिलमध्ये प्रत्येक कामगाराला एक नंबर असे, त्याला तिकीट म्हणत. त्या तिकिटावर त्याची हजेरी लागे.

मी मुद्दाम गठ्ठ्यातलं सगळ्यात वाईट पान काढलं. शाई उडालेली, वाळवीनं कडा खाल्लेल्या, कारकुनाचं अक्षर म्हणजे देवाला काळजी. यंत्रानं चहाचा घोट घेईस्तोवर वाचलं. भिंग लावून तपासलं तर विसांतली अठरा नावं बरोबर. मला त्यातली तेरा लागली होती. सायलीचं तोंड हसत होतं.

"हुशार आहे गं तुझं पोर," मी म्हटलं. "आता त्याला काय कळत नाही ते दाखव."

तिनं शंकांची यादी उघडली. यंत्राला जे पटत नाही ते ते या यादीत टाकतं. वय जुळत नाही, गाव बदललं, असल्या गोष्टी. मंडळींना वाटतं, यादी म्हणजे कटकट. आमच्या धंद्यात शंका आधी वाचायची असते, कारण माणूस तिथंच सापडतो. मी बूड टेकलं आणि दोन दिवस ती यादीच वाचत बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी शालन सावंत आल्या. साठीच्या पुढच्या, घोडपदेवला राहणाऱ्या, हातात प्लास्टिकची पिशवी. संस्था मिलच्या जुन्या भिंतीवर सगळ्या कामगारांची नावं कोरणार होती आणि शनिवारी यादी बंद होणार होती. शालनताईंची ही तिसरी खेप. त्यांचे वडील विश्राम राघो सावंत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, बावीस वर्षं राबले. पण यंत्राला विश्राम सावंत कुठंच सापडत नव्हता.

"चाळीतले लोक आता तोंडावर विचारतात," त्या म्हणाल्या. "तुझा बाप मिलमध्ये होता तरी का? आई नव्वदीची आहे. भिंतीवर नाव लागल्याचा फोटो तिला दाखवायचा, एवढंच. नाहीतर आमचे बाबा खोटे ठरतात हो."

सायलीनं पुन्हा शोधलं. पुन्हा काही नाही.

मी विचारलं, "वडिलांना भाऊ होते?"

"थोरले होते, साबाजीकाका. ते गावीच असायचे. मालवणाकडे."

साबाजी राघो! हे नाव मी आदल्याच दिवशी शंकांच्या यादीत वाचलं होतं. तिकीट चारशे बारा, साचे खातं. यंत्राची तक्रार अशी होती, की हा साबाजी सहा वर्षं अंगठा उठवतो, शिमग्याला गावी जातो आणि परत आल्यावर झोकात सही करायला लागतो. पुढं बावीस वर्षं सहीच. यंत्रानं शेरा मारला होता, 'दोन वेगळ्या व्यक्ती किंवा नोंदीत चूक.'

शिमग्याला गेलेला माणूस पंधरा दिवसांत साक्षर होऊन येत नाही. थोरला गावी राहिला आणि धाकटा त्याच्या तिकिटावर उभा राहिला. असं चालायचं. जॉबरनं, म्हणजे खात्यातल्या मुकादमानं, डोळे मिटले की झालं.

शालनताईंच्या पिशवीत वडिलांनी गावी पाठवलेलं एक पत्र होतं. सुरुवात होती, 'तीर्थरूप साबाजीदादास विश्रामचा शिरसाष्टांग नमस्कार.' सायलीनं पत्राचा फोटो घेतला आणि त्यातलं 'साबाजी' मस्टरमधल्या सहीशेजारी ठेवलं. यंत्र म्हणालं, एकाच हाताचं असण्याची शक्यता मोठी आहे, खात्री देता येत नाही. मला ते उत्तर फार आवडलं. इतकं प्रामाणिक उत्तर मी भल्याभल्या साहेबांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

पण संस्थेचा नियम पक्का. यंत्राच्या अंदाजावर भिंतीवर नाव चढत नाही. माहितगार माणसाची साक्ष लागते, आवाजात नोंदवलेली. आणि माहितगार एकच उरलेली, शालनताईंची आई.

शुक्रवारी आम्ही घोडपदेवला गेलो. चाळीत तिसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली, लखलखीत घासलेली भांडी, आणि खाटेवर एवढीशी म्हातारी, सरस्वतीबाई. आम्हाला खटखटे लाडू (शेवेचे गुळाचे लाडू) आणि चहा मिळाला.

"खंयच्या तुमी?" (कुठल्या तुम्ही?) त्यांनी विचारलं. मी गडहिंग्लज सांगितलं. "घाटावरच्या," त्या लेकीला म्हणाल्या, आणि मला आणखी एक लाडू दिला.

सायलीनं फोन मधे ठेवला आणि तिकिटाचं विचारलं. म्हातारीचा चेहरा मिटला.

"माका काय म्हायत नाय."

"आई, अगं सांग ना," शालनताई म्हणाल्या.

"तुझ्या बापाशीन शपथ घातलेली. जॉबराक कळला तर काम जाईत."

काय म्हणावं! मालक गेले, मिल गेली, तो जॉबरही गेला असेल. तरी ही बाई नवऱ्याची नोकरी अजून राखत बसली होती. मी खाटेवर टेकले, तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "आजी, आता कुणी काम काढून घेणार नाही. खरं बोललं नाही तर मात्र भिंत त्यांना ओळखणार नाही."

तेव्हा त्या बोलल्या. सासरे वारले, देवळातला मान थोरल्याकडं आला, त्यांना गाव सोडता येईना. "मोठे भावजी म्हणाले, तिकीट फुकट कित्याक घालवायचा? मगे हे लागले." (तिकीट फुकट का घालवायचं? मग हे लागले.) बावीस वर्षं खात्यात नवऱ्याला भावाच्या नावानं हाक मारत, आणि ते ओ देत.

"हे म्हणजे कोण, आजी? नाव सांगा," सायली म्हणाली. नोंदीत 'हे' चालत नाही.

म्हातारी लाजली. नव्वदाव्या वर्षी, खरोखर लाजली. "घोवाचा (नवऱ्याचं) नाव कसा घेव? भावजींचाय घेवक नाय कधी."

दोन्ही नावं तिच्या तोंडाला वर्ज्य. लग्नातला उखाणा सोडला तर तिनं नवऱ्याचं नाव उच्चारलेलंच नव्हतं. शालनताईंनी मान फिरवली. मला वाटलं, झालं, इथंच अडलं. आम्ही कुणी तिला दटावलं नाही. म्हातारीनं डोक्यावरून पदर घेतला, देवाकडं बघून हात जोडले आणि एकेक अक्षर जपून म्हणाली, "साबाजी राघो सावंत. तेंच्या मागसून विश्राम राघो सावंत."

मग सायलीला बजावलं, "दोनय लिव. जेच्या तिकिटार पोट भरला, तेचा नाव पुसू नको." (दोन्ही लिही. ज्याच्या तिकिटावर पोट भरलं, त्याचं नाव पुसू नकोस.)

परत आल्यावर कळलं, की यंत्राच्या कार्डावर एका तिकिटाला एकच नाव बसतं. सायलीनं जेवण बाजूला ठेवून कार्डाचा आराखडाच बदलला. दोन नावं, दोघांची वर्षं आणि खाली म्हातारीचा आवाज. त्यानंतर शंकांच्या यादीतल्या अंगठा-सहीच्या सगळ्या नोंदी तिनं नव्यानं काढायला घेतल्या. शनिवारी यादी बंद झाली तेव्हा चारशे बारावर दोन्ही भाऊ होते. माझ्या विद्यार्थिनीचा मला इतका अभिमान वाटला, की तिच्यासमोर कौतुक करायचं राहूनच गेलं. म्हणून इथं करते.

घरी परतले तर शेजारणींनी विचारलं, समुद्र बघितला का? नाही बघितला. दप्तरखाना, मसाल्याची गल्ली आणि एक खोली बघितली. कागद खोटं बोलत नाही असं मी एकतीस वर्षं नव्या पोरांना सांगत आले. ते आता जरा बदलून सांगावं लागेल. कागद खोटंही बोलतो, कधी एखाद्या घराची चूल पेटती राहावी म्हणून. यंत्राला ते खोटं दिसलं, आणि आम्हाला त्याच्यामागचं घर सापडलं. दोघांनी मिळून काम तडीस नेलं, याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवणार नाही.

परवा शालनताईंचा फोन आला. भिंतीचं कोरीवकाम अजून चालू आहे, पण कार्डाची एक प्रत सायलीनं घरी पोचवली. म्हातारी ती उशाखाली ठेवते आणि रोज सकाळी लेकीकडून वाचून घेते.

"कार्ड दे असं नाही म्हणत ती," शालनताई सांगत होत्या. "म्हणते, विश्रामाक हाड हय." (विश्रामला आण इकडे.)