साडेसहाची पंगत

नात म्हणाली, आजी, तू नुसती बोल, लिहायचं काम माझं. मी चौथीपर्यंत शिकलेली. सही येते, बसची पाटी वाचता येते. म्हणून जसं आठवतं तसं सांगते.

त्या वर्षी आम्ही गुडगावला नवे होतो. फरीदाबादची खोली सोडून मुलाच्या फ्लॅटमध्ये आलो, अकराव्या मजल्यावर. मेट्रो अजून आली नव्हती. मॉल एकेक उभे राहत होते, आणि रस्त्यापलीकडे सरसोंचं शेत होतं तिथे बघता बघता खड्डा झाला आणि खड्ड्यातून खांब वर आले. मालक, म्हणजे नातीचे आजोबा, जाऊन तोवर चार वर्षं झाली होती.

मुलाच्या ऑफिसनं त्याला घरच्यांसकट जहाजाची सहल दिली. सिंगापूरहून निघायचं, चार रात्री पाण्यावर. एका रविवारी तो कागद घेऊन माझ्यापुढे बसला. पासपोर्ट झाले होते, फोटो झाले होते, एकच रकाना राहिला होता.

"आई, सोपं आहे बघ. रात्रीचं जेवण साडेसहाला किंवा साडेआठला. एकदा लिहून दिलं की चारही दिवस तीच वेळ, तेच टेबल, तेच शेजारी."

"असं का?"

"माणसं खूप असतात. सगळी एकदम मावत नाहीत."

"म्हणजे पंगत," मी म्हटलं. "पहिली आणि दुसरी."

नात तेव्हा आठ वर्षांची. "पंगत मतलब?" तिनं विचारलं. मुलगा हसला, तिला समजावलं, आणि पेन उघडत म्हणाला, "आपण साडेआठ लिहू. ऑफिसचे सगळे साडेआठलाच आहेत. आईचा तर प्रश्नच नाही. आमची आई कधी कुणाच्या आधी जेवलीच नाही."

हे तो सगळ्यांना सांगायचा. घरी पाहुणे आले की, शेजारचे शर्माजी बसले की. "फरीदाबादला आमच्याकडे पंधरा-पंधरा माणसं जेवायची, पण आई सगळ्यांचं झाल्याशिवाय घास घ्यायची नाही." सांगताना त्याचा चेहरा असा उजळायचा की मी खाली बघायची.

कारण रोज सहा-सव्वासहाला मी चोरून जेवत होते.

मला साखर निघाली होती. सेक्टरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माताजी, गोळी घेतली की अर्ध्या तासात खाना, और सात के पहले, बिल्कुल. घरात जेवण व्हायचं साडेनऊला, मुलगा आला की. पहिले चार-पाच दिवस मी थांबून पाहिलं. हात थरथरायला लागले, घाम फुटला, एकदा पाण्याचा तांब्या हातातून पडला. मग मी एक स्टीलचा डबा कपडे धुवायच्या मशीनमागे ठेवला. दुपारच्या दोन पोळ्या, थोडी भाजी. सहा वाजले की मागच्या बाल्कनीत उभ्यानं खायचं, डबा विसळून परत मशीनमागे. साडेनऊला सगळ्यांबरोबर बसायचं, चमचाभर भात घ्यायचा. "मला एवढंच पुरतं."

मुलगा म्हणायचा, "बघा, आईचं खाणंच कमी."

आता हे त्याला सांगायला काय हरकत होती, असं कुणी म्हणेल. मलाही आज तसं वाटतं. पण त्याचं एक कारण होतं, आणि त्यासाठी मला फरीदाबादचं सांगावं लागेल.

लग्न होऊन मी आले तेव्हा मालक तिथल्या एका कारखान्यात लेथवर होते. आपल्याकडची बरीच पोरं तेव्हा तिकडे लागली होती, कुणी फिटर, कुणी ग्राइंडरवर. बायका गावाला. ढाब्यावरचं खाऊन पोटं बिघडली, तेव्हा मालकांनी दोघा-तिघांना घरी जेवायला बोलावलं. दोघांचे चौदा झाले. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत सात पाट मांडले की आठवा बसत नसे. म्हणून दोन पंगती. साडेबाराला जे दोनच्या शिफ्टला जाणार ते. अडीचला जे सकाळच्या शिफ्टहून सुटले ते. मालक दुसऱ्या पंगतीत. त्यांचं आवरलं, भांडी झाली की चार वाजता मी बसायची, तव्यावर शेवटची भाकरी टाकून. पहाटे चारला उठलेली असायची. म्हणजे बारा तास झाले. याचं मला काही वाटत नव्हतं. माझ्या आईचंही तसंच होतं.

ज्वारी तिकडे मिळायची नाही, बाजरी मिळायची. उन्हाळ्यात बाजरी उष्ण पडते म्हणून पोरं कुरकुरायची आणि चार-चार खायची.

मग मला दिवस गेले. पहिले दोन राहिले नव्हते, ते मी मोजत नाही. या खेपेला सहावा लागला आणि भूक अशी लागायला लागली की डोळ्यापुढे काळं यायचं. तरी धरून राहिले. एक दिवस मात्र पहिली पंगत उठली, पडवी पुसली, आणि मी टोपलीकडे बघितलं. दोन भाकऱ्या घेतल्या, पिठलं घेतलं, चुलीपुढे बसून खाल्लं. मनात म्हटलं, अजून थापीन.

पीठ संपत आलं होतं. चक्कीवर गेले तर लाईट नव्हती. आणि त्या दिवशी दुसऱ्या पंगतीला दोन माणसं जास्त आली, कुणाचे तरी भाऊ, सकाळच्याच गाडीनं उतरलेले. शेजारणीकडे गेले, तिचं दार बंद. असेल तेवढं थापलं. सात पानं मांडली तिथे दाटीवाटीनं नऊ झाली होती.

वाढत वाढत शेवटच्या माणसाशी आले. तो नागपूरकडचा होता, कमी बोलणारा, भट्टीवर काम करायचा. त्याच्या पानात अर्धी भाकरी होती. टोपलीत अर्धीच उरली होती आणि नव्या पोरांतला एक जण अजून जेवत होता. नागपूरकडच्यानं माझ्याकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं, आणि पानावर हात आडवा धरला.

"बास वहिनी. आज कारखान्यात समोसे आले होते. पोट भरलंय."

पलीकडचा म्हणाला, "आम्हाला नाही दिसले तुझे समोसे."

"तू झोपला होतास," तो म्हणाला. सगळे हसले. तो उठला, हात धुतला, बादलीतून एक तांब्या भरून पाणी प्यायला, मग दुसरा भरला.

मालकही त्या दिवशी एका भाकरीवर उठले. सगळे गेल्यावर त्यांनी टोपलीवरचं फडकं उचललं.

"तू जेवलीस?"

"हो."

त्यांनी फडक्याची घडी करून टोपलीत ठेवली. "पोटातल्याला भूक लागते, मला कळतं," म्हणाले. "पण माणूस उपाशी उठला आपल्या दारात." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर एकतीस-बत्तीस वर्षं मी कुणाच्या आधी जेवले नाही. पोटातला तो जगला. तोच हा मुलगा. पुढे कारखाने एकेक बंद पडले, गेटला कुलूप लागलं, माणसं पांगली. मालकांनाही घरी बसवलं. पंगत पाचांवर आली, मग तिघांवर, मग आमच्या घरातल्यांवर. तरी मी शेवटीच. ती सवय नव्हती. ती माझी फेड होती.

तर रविवारी तो कागद तसाच राहिला, कारण मुलाला फोन आला. सोमवारी रात्रीपर्यंत पाठवायचा होता. आणि माझ्या जिवाला चैन पडेना. धुतलेले कपडे घडी केले, मोडले, पुन्हा घडी केले. खाली गेले, वर आले. परत खाली गेले तेव्हा गार्ड म्हणाला, "माताजी, कुछ खो गया क्या?" म्हटलं, नहीं भैया, हवा खा रही हूँ.

जहाजावर डबा कुठे लपवणार? सूनबाईला म्हटलं, थोडा चिवडा, चार खाकरे बरोबर घेऊ. ती म्हणाली, बाहेरचं खाणं वर नेऊ देत नाहीत आई, तपासतात. साडेआठला बसायचं म्हणजे पानात पडणार नऊला. आणि ऑफिसच्या माणसांपुढे माझे हात थरथरले तर? नाही जात म्हणावं, तर तिकीट झालेलं. साडेसहा म्हणावं, तर का म्हणून विचारणार. रात्रभर कूस बदलत राहिले.

सोमवारी सहाला डबा काढला. पहिला घास तोंडात, आणि मागं सूनबाई उभी. त्या दिवशी बँकेतून लवकर आली होती. मी डबा पदराआड घेतला, शाळेतल्या पोरीसारखा.

"घ्या, जेवा आई," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"दोन महिने झाले. पोळ्या कमी पडायला लागल्या. स्वयंपाकाच्या बाईला सांगितलंय, रोज दोन जास्त कर म्हणून." तिनं खुर्ची ओढून आणली. "बसून खा हो. उभ्यानं कशाला?"

मी बसले. डबा मांडीवर घेतला.

"मग बोलली का नाहीस?"

"मी काय बोलणार? मी त्यांना सांगितलं तर म्हणतील, तूच आईचं जेवण आधी उरकून टाकतेस. तुमचं तुम्ही सांगा. पण आज सांगा. आज कागद जायचाय."

पोरगी शहाणी. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

मुलगा त्या दिवशी आठलाच आला. बूट काढता काढता कागद मागितला. मी म्हटलं, "माझं साडेसहा लिही."

"काय झालं? कुणी काही बोललं का?" त्यानं लगेच बायकोकडे बघितलं.

"तिच्याकडे बघू नकोस. मला साखर आहे. मी रोज सहाला जेवते. तीन महिने झाले."

तो खाली बसला. एक बूट पायात, एक हातात. "आणि मी सगळ्यांना सांगत फिरतोय..."

"ते सांगायचं बंद कर. ते खरंही नाही. मी एकदा आधी जेवले होते. तू पोटात होतास." मग नागपूरकडच्या माणसाचं सांगितलं, समोशाचं, टोपलीवरच्या फडक्याचं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मालकांनीही कुणाला सांगितलं नाही.

त्यानं हातातला बूट खाली ठेवला. म्हणाला, "चलो, आपण सगळेच साडेसहाला बसू. ऑफिसचं राहू दे."

"नको. माझ्यासाठी कुणी आपलं पान सोडायचं नाही. तू तुझ्या माणसांत बस. मी एकटी साडेसहाला."

"एकटी कशी बसशील? तिथे सगळे परके."

"मैं बैठूँगी आजी के साथ," नात म्हणाली. "मुझे तो छह बजे ही भूख लगती है."

"मराठीत बोल," मुलगा तिला म्हणाला, आणि कागदावर दोन-दोन माणसं लिहिली.

जहाजाचं फार काही सांगण्यासारखं नाही. पाणी होतं, सगळीकडे पाणी. पहिल्या दिवशी साडेसहाला आम्ही दोघी गेलो. पांढरी चादर घातलेलं गोल टेबल, शेजारी मद्रासकडचे दोघं म्हातारे. वाढपी गोव्याचा होता, त्याला हिंदी यायची. त्यानं माझ्या मांडीवर रुमाल अंथरला. माझ्यापुढे पान आलं आणि माझी मान मागं वळली, दाराकडे. बाहेर अजून दुसरी पंगत जमायचीच होती.

"भैया, बादवालों के लिए बचेगा ना?"

त्याला वाटलं मी चेष्टा करते. मी तशीच बघत राहिले तेव्हा त्यानं ट्रे खाली ठेवला. "मौसी, बहुत है. पीछे पूरा अलग बनता है उनके लिए. आप खाओ."

थोडं खाल्लं. भात ठेवून दिला. जेवण झाल्यावर नातीला वर पाठवलं आणि मी दाराशी उभी राहिले. साडेआठला गर्दी आत गेली. मुलगा, सूनबाई, त्याची ऑफिसची माणसं. दारावरचा माणूस दोनदा म्हणाला, मॅडम, तुमची वेळ होऊन गेली. मी मान हलवली आणि उभीच राहिले. मुलाच्या पुढे पान आलं, त्यानं पाव मोडला, तेव्हा मी निघाले. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच, फक्त भात सगळा खाल्ला.

चौथ्या दिवशी गोव्याच्या त्या वाढप्याला मी म्हटलं, थोडा चावल और देना. नात माझ्याकडे बघत राहिली. तिनं मला मागून घेताना कधी पाहिलं नव्हतं.

दाराशी उभी होते तर मुलगा आला. बाकीचे पुढे गेले, तो थांबला. इतके दिवस त्यानं मला तिथे पाहिलंच असणार.

"जेवलीस?" त्यानं विचारलं.

"हो."

"पोटभर?"

"दोनदा भात घेतला."

त्यानं मान हलवली आणि आत गेला. त्याच्या पानात वाढेपर्यंत मी थांबले, मग वर गेले.