समईतलं पांढरं

जानेफळला सुभाषच्या घरची समई मी घासून लख्ख केली. ती माझी चूक होती आणि वर्षभर मी ती कबूल केली नाही.

सैन्यात नाईक सुभाष आणि मी एकाच सेक्शनमध्ये होतो. पहाटे फॉल-इनला रांगेत उभं राहण्याआधी बेल्टचं पितळ चमकवावं लागे. सुभाष पॉलिश सढळ हातानं लावायचा, पण खाचांत वाळून बसलेलं पांढरं काढायचा त्याला कंटाळा. मी काडीला कापूस गुंडाळून ते काढून द्यायचो.

"तू मांगून कोरत राह्य बे," तो हसायचा. "दोघायचं मिळून एक काम होते."

त्या हिवाळ्यात आमची पोस्ट बर्फात होती. सुभाष पेट्रोलवर, गस्तीला गेला. रेडिओवर मी होतो.

"परतीला निघालो. चहा ठेव. ओव्हर."

"ठेवतो. आउट."

वाटेत उतारावरचा बर्फ सुटला. बाकीचे परतले. सुभाष परतला नाही. चहा मी ओतून दिला.

निवृत्तीनंतर दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनाला मी मोताळ्याहून जानेफळला जातो. गेल्या वर्षी त्याची पत्नी, सुमनवहिनी, चुलीपाशी होत्या. फोटोसमोरच्या समईच्या नक्षीत जुनं पॉलिश वाळून पांढरं झालेलं दिसलं. हात शिवशिवले. कोमट साबणपाणी, जुना टूथब्रश, काडी. एकेक खाच मोकळी केली.

वहिनी बाहेर आल्या आणि बघतच राहिल्या.

"काऊन घासली, भाऊजी? आखरी सुट्टीत त्यायनं पॉलिश केली होती. म्हणून मी ते पांढरं काढत नव्हती."

पिशवी उचलून मी स्टँड गाठला.

यंदा गेलो, तेव्हा वहिनींनी समई पुढ्यात ठेवली आणि दांडा फिरवून बैठकीपासून वेगळा केला.

"तेलानं घट्ट बसली होती. दिवाळीत खोलली. पाहा."

आत, आट्यांच्या कडेला, माझा ब्रश पोचला नव्हता तिथे, वाळलेल्या पॉलिशवर अंगठ्याचा ठसा होता. सुभाषचा. त्यातली प्रत्येक रेघ शाबूत होती. नोकरीत मी मोठमोठी शिखरं जवळून पाहिली, पण असा स्तब्ध कधी झालो नव्हतो. फुंकरीनं उडेल म्हणून श्वास रोखला. हात पाठीमागे घेतले.

"घ्या न हातात," वहिनी म्हणाल्या. "कोरू नका म्हंजे झालं."

त्या हसल्या. मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मी सावधानमध्ये उभा राहिलो.

"वहिनी, माह्यं चुकलं."

मग समईकडे पाहिलं.

"सुभाष, तुह्यं राह्यलेलं राहू दे बे. मले माफ कर."