मेनस्विचपाशी एक जण

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. तीन रिटायर माणसं नि एक ट्रान्सफॉर्मर एका पत्र्याच्या शेडमध्ये कोंबा, आपोआप साचतात! शेड माझी, सांगलीत, घरामागं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, कांबळे मिरजेत टीव्ही दुरुस्त करायचे, आणि बापू मूळचा मेढ्याचा, फौजेतून आलेला. आम्हाला टेस्ला कॉइल करायची होती. म्हणजे तारेचं उभं वेटोळं, ज्याच्या डोक्यावरून हवेत विजा सुटतात. कशासाठी? आमच्या बायकांनीही हेच विचारलं होतं.

* * *

कॉइल सोपी हो, तिला लागणारा हाय व्होल्टेज सप्लाय अवघड. घरची वीज कित्येक हजार व्होल्टवर न्यायची. कांबळ्यांनी पहिल्याच दिवशी दम भरला, "एकट्यानं चालू करायचं न्हाई! एक जण कायम मेनस्विचपाशी. दुसरा 'बंद' म्हणला की बंद, कारण मागनं इचारायचं!"

बापू ताठ उभा राहिला. "म्हंजी संत्री ड्यूटी, पहाऱ्याची. ती माझी!"

* * *

आत ठिणगी उडू नये म्हणून ट्रान्सफॉर्मर तेलात बुडवायचा होता. बापूला तेल आणायला पाठवलं, तर गडी डबाभर घाण्याचं शेंगतेल घेऊन हजर! "तेलच म्हणला हुतासा की!"

ट्रायल घेतली. ट्रान्सफॉर्मर तापला, गल्लीभर खमंग वास. शेजारच्या वहिनी प्लेट घेऊन दारात, "भज्यांचा बेत दिसतोय!"

कांबळे मान वर न करता म्हणाले, "वहिनी, अजून कच्ची हायती."

* * *

वीज साठवणाऱ्या कपॅसिटरसाठी काचेच्या बाटल्या लागतात, आत मिठाचं पाणी भरायला. मी बारमागं पोतं घेऊन रिकाम्या बाटल्या निवडत होतो आणि नेमका जुना विद्यार्थी भेटला. मी घाईघाईनं त्याला सगळी थिअरी समजावली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली.

"व्हय सर," तो म्हणाला, "सुरुवातीला सगळी असंच कायतरी सांगत्यात."

* * *

कॉइलला वेगळं अर्थिंग हवं. परसात खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, वर कोळसा आणि मीठ. सकाळी बघतो तर खड्ड्यावर कोणीतरी लिंबू ठेवलेलं! गल्लीला वाटलं, मास्तर करणी करतोय.

बापूनं लिंबू उचललं, धुतलं आणि तिघांना सरबत केलं.

* * *

मग कांबळे गेले. सकाळी चहा पिता पिता. माझी बायको तर त्यांच्याही आधी गेली होती. पाठोपाठ बापूला मुलानं पुण्याला नेलं.

सप्लाय तयार, कॉइल तयार, आणि मेनस्विचपाशी उभं राहायला माणूस नाही! शेजाऱ्यांना विचारलं. "नको सर, भ्या वाटतं." शेडमध्ये गेलो की लय एकटं वाटायचं. खोटं कशाला बोलू, एकदा तसाच बटणावर हात ठेवला होता. कांबळ्यांनी शिव्या घातल्या असत्या म्हणून काढला. मग नुसताच खुर्ची टाकून बसायचो, फडक्यानं धूळ झटकायचो आणि घरात यायचो.

* * *

परवा रविवारी बापूचा व्हिडिओ कॉल आला.

"कर चालू. मी हाय मेनस्विचपाशी."

"अरे, तू पुण्यात आहेस!"

"मग? ड्यूटी माझीच हाय. कर चालू!"

फोन खिडकीत टेकवला. बटण दाबलं. आणि सुटली की वीज! हातभर, जांभळी, कडाकड वाजत! मी पोरासारखा नाचलो. "बापू, बघ! बघ की रं!"

तेवढ्यात जळका वास आला. मी सवयीनं ओरडलो, "बापू, बंद!" आणि बटण मीच बंद केलं.

फोनकडं बघतो तर चित्र गोठलेलं. मग कॉलच तुटला.

जरा वेळानं त्याच्या सुनेचा फोन. "काका, तुम्ही बाबांना काय सांगितलंत? मेनस्विच पाडलाय! अख्ख्या घरातली लाईट गेली, वायफाय गेलं, आणि स्विचवरचा हात काही काढत नाहीयेत!"

मागून बापू ओरडत होता, "ते ऱ्हाऊ दे गं! आधी इचार, वाचला का त्यो?"